डॉक्टर बदलणं म्हणजे कृतघ्नपणा का?



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सासूबाईंचे डॉक्टर बदललेत म्हणे? इतक्या वर्षांचे?" त्या 'म्हणे'मध्ये जे होतं ते टोचलं, कारण तेच मी कित्येक महिने स्वतःला ऐकवत होते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आईंना १४ वर्षांपासून संधिवात आहे, रूमॅटॉइड प्रकारचा. सुरुवातीला सकाळी बोटं वळायची नाहीत, लाटणं धरवत नव्हतं. इथल्याच, इंदूरच्या एका स्पेशालिस्टनी त्यांना उभं केलं. एकेक सांधा दाबून बघायचे, "माई, आज बरणीचं झाकण उघडलं का?" असं विचारायचे. आमच्या घरात त्यांचं नाव देवाच्या खालोखाल होतं, अतिशयोक्ती नाही.

मग त्यांचा दवाखाना वाढला. परचा मदतनीस डॉक्टर लिहू लागले, मागचाच, फक्त तारीख नवी. गर्दी काय, सगळीकडेच असते. पण आईंना आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती. तिचा परिणाम रक्तपेशींवर आणि लिव्हरवर होऊ शकतो, आणि किडनी मंदावली तर ती शरीरात साठत जाते. म्हणून सगळं ठीक असलं तरी दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं. हे मला पहिल्या वर्षी त्याच डॉक्टरांनी समजावलं होतं, आणि आता ११ महिने कोणी तपासणी लिहून दिली नव्हती! विचारलं तर उत्तर मिळालं, "सब ठीक चल रहा है, आंटी."

आईंच्या तोंडात फोड आले, जेवण तुटलं. "वय झालंय," असं तिथे सांगितलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी घटलेल्या, क्रिएटिनिन वाढलेलं. गोळी त्याच दिवशी थांबवली.

मला शंका आधीपासून होती. मग मी गप्प का बसले? भीड, दुसरं काय. ज्यांनी आपल्या माणसाला उभं केलं त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे पाप वाटायचं. आपल्याला सत्संगात निष्ठेची सवय लागते, ती चांगलीच आहे. पण मी ती जशीच्या तशी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी श्रद्धा कधी मागितलीच नव्हती, त्यांचं शास्त्र तर तपासून पाहण्यावरच उभं आहे. निष्ठा माझी होती आणि तिची किंमत आईंचं शरीर मोजत होतं. अवधूतांच्या २४ गुरूंची कथा एकादश स्कंधातली, आपण दत्तजयंतीला दरवर्षी ऐकतो. एकाकडून शिकून पुढे गेल्याने पहिल्याचा अपमान होत नाही, हे मला वेळेवर सुचलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. माझ्या नात्यात एकींनी दोन वर्षांत चार डॉक्टर बदलले. एक कमी बोलतात, एकाकडे रांग फार. प्रत्येक जण पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि जुन्या डॉक्टरला जे न सांगता ठाऊक असतं ते सगळं वाया जातं. कमी बोलणं म्हणजे हयगय नव्हे. मी स्वतःला एवढंच विचारलं: आईंचे रिपोर्ट कोणी बघतंय का?

आम्ही दोघांनी बदलायचं ठरवून टाकलं, तर आई रागावल्या. "हात माझे आहेत, मला विचारलंत का?" खरंच, विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आधी त्यांना तोंडावर सांगू.

गेलो. मोठ्या डॉक्टरांनाच भेटायचं म्हणून दीड तास बसलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, फाइल मागे मागे चाळली आणि म्हणाले, "हे माझ्याकडून सुटलं, माई." सबब एकही सांगितली नाही. माझा राग तिथेच निवला. तरीही आम्ही बदललं, कारण पुढच्या महिन्याचा परचा पुन्हा मदतनीसच लिहिणार होते. राग निवला म्हणून ते थोडंच बदलणार होतं?

कागद मागायला मी घाबरत होते. तुम्ही घाबरू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्कही आहे. आमच्या डॉक्टरांनी तर स्वतःच्या हाताने दोन पानं लिहून दिली, पहिल्या दिवसापासूनची. नव्या मॅडमना ती फार उपयोगी पडली. एक मात्र लक्षात ठेवा, मधल्या काळात औषधं आपल्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड तर अचानक मुळीच नाही.

आईंच्या पेशी आता ठीक आहेत. गोळी बदलली आहे. बोटं थोडी दुखतात.

दरवर्षी दिवाळीला त्या डॉक्टरांकडे आमचा फराळाचा डबा जातो. यंदा मी यादीतून त्यांचं नाव गाळलं होतं. आईंनी चष्मा लावून यादी वाचली आणि वाकड्या बोटांनी ते पुन्हा लिहिलं, चकल्या जास्त असं कंसात. डबा मीच नेऊन देणार आहे. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.