उसवण्याचा अधिकार

मागावर कापड विणले जाते आणि सुयांवर स्वेटरही विणला जातो. मराठीने या दोन्ही क्रियांना एकच क्रियापद दिले आहे. आपल्या गुजराती शेजारणी मात्र भेद करतात. मागाचे ते ‘वणवुं’ आणि सुयांचे ते ‘गूंथवुं’. गोडादऱ्यासारख्या वस्तीत दीर्घकाळ राहिलेल्या माणसाला हा भेद अर्थपूर्ण वाटू लागतो. लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे यंत्रमागाच्या खडखडाटावर उभी राहिली. ज्या घरात माग नाही त्या घरातही साडीवर खडे चिकटवणे, टिकल्या लावणे, लोंबते धागे कापणे अशी कामे नगावर पैसे घेऊन चालतात. येथे धागा म्हणजे भाकरी. अशा गावी, जेथे जानेवारीतही पारा क्वचितच दहा अंशांखाली उतरतो, कोणी हौसेने लोकर आणून स्वेटर विणायला बसावे आणि तो अर्धाच राहावा, या गोष्टीचा गांभीर्याने विचार करण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. आमच्या मते कारण आहे. आरंभिलेले काम सोडून देणे हा नैतिक दोष आहे काय, हा प्रश्न हौशी विणकामात जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र दिसत नाही. व्यवहारात त्या प्रश्नाभोवती पैसा, पद आणि लोकलज्जा यांची इतकी गर्दी असते, की मूळ प्रश्न झाकला जातो.

विणकामातले चढउतार ज्यांनी अनुभवले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. नवी लोकर, नवा नमुना आणि पहिल्या दहा ओळी यांचा आनंद निर्भेळ असतो. बॉर्डर संपून पाठ सुरू झाली की एक सपाट प्रदेश लागतो. सुलट ओळ, उलट ओळ, पुन्हा सुलट. येथे बहुतेकींचा उत्साह मावळतो. पुढची संकटे हिशेबाची. दहा सेंटिमीटरच्या नमुन्यात वीस टाके बसतील असे धरून शंभर सेंटिमीटर घेरासाठी दोनशे टाके घातले, पण हात घट्ट असल्याने प्रत्यक्षात बावीस बसू लागले, तर तयार होणारा घेर एक्याण्णव सेंटिमीटरच भरतो. दोन टाक्यांचा फरक शेवटी नऊ सेंटिमीटरचा होतो, आणि तो ध्यानात येईपर्यंत पाठ काखेपर्यंत पोहोचलेली असते. सुयांच्या जुन्या क्रमांकांत मोठा आकडा म्हणजे बारीक सुई. आठ नंबरची चार मिलिमीटर, तर दहाची सव्वातीन. उसनी आणलेली सुई एका क्रमांकाने चुकली तरी वीण बदलते. मध्येच लोकर संपली तर त्याच रंगाची, त्याच क्रमांकाची पण दुसऱ्या घाणीत रंगवलेली लडी मिळते, आणि बाहीवर पट्टा उठून दिसतो. एखादा टाका गळाला तर तो शिडीसारखा खाली धावतो. तो क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलता येतो, पण त्यासाठी तो वेळीच दिसावा लागतो. या सर्वांतून पार पडून गळ्याचे टाके बंद करताना जे समाधान मिळते, ते नोकरीत उत्तम शेरा मिळाल्याच्या समाधानापेक्षा थोडे निराळे आणि अधिक खोल असते, एवढे दोन्ही अनुभवल्यामुळे आम्ही सांगू शकतो.

तथापि अनेक कामे तेथवर पोहोचत नाहीत. कोणाच्याही कपाटाच्या खालच्या खणात पाहावे. सुयांसह गुंडाळलेली एखादी पाठ, जोडीदाराविना राहिलेला एखादा मोजा सापडतोच. आणि त्याच्यासोबत अपराधभावही सापडतो. आपल्या संस्कारांत त्यासाठी शब्द तयार आहे : आरंभशूर. हाती घेतलेले तडीस न्यावे, ही शिकवण आपल्याला पाळण्यापासून मिळते. तीत तथ्य नाही असे कोण म्हणेल? आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालवले. अपूर्ण कामांचे विवरणपत्र दरवर्षी भरावे लागे, आणि ज्या रकान्यात विलंबाची कारणे लिहायची तो रकाना सर्वांत कष्टाने भरला जाई. अर्धा बांधलेला पूल हा पुलाच्या अभावापेक्षा वाईट असतो, कारण त्यात लोकांचा पैसा आणि लोकांची आशा दोन्ही अडकलेली असतात.

परंतु हाच नियम लोकरीच्या टोपलीला लावावा काय? पुलाचे काम पूर्ण करण्याचे बंधन कोठून येते हे पाहिले तर उत्तर मिळते. ते अर्धवटपणातून येत नाही. पलीकडच्या तीरावर कोणी वाट पाहत असते त्यातून येते. अर्थशास्त्रात बुडालेल्या खर्चाचा एक विचार आहे. जे खर्च झाले ते परत येणार नाही, म्हणून पुढे काय करावे हे ठरवताना ते मोजू नये; पुढचा खर्च आणि पुढचा लाभ एवढेच पाहावे. ‘इतके विणले आहे, आता सोडायचे कसे’ हा युक्तिवाद त्या कसोटीला उतरत नाही. बेढब होणार हे कळलेला स्वेटर केवळ अर्धा झाला आहे म्हणून पूर्ण करणे म्हणजे दहा संध्याकाळी गेल्या, आता आणखी दहा घालवणे.

मग बंधन कोठे असते? आपल्या समाजातल्या बाळंतविड्याचे उदाहरण घेऊ. टोपडे, झबले, मोजे, लहानसा स्वेटर, दुपटे हे सारे येणाऱ्या जिवासाठी विणले जाते, आणि तो जीव विणणारीच्या सवडीसाठी थांबत नाही. तेथे सपाट प्रदेशाचा कंटाळा हे कारण चालत नाही. याहून मोठे उदाहरण 1962 चे. त्या वर्षी 20 ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले, आणि उंच हिमालयात लढणाऱ्या आपल्या जवानांपाशी पुरेसे गरम कपडे नाहीत ही गोष्ट देशाला कळली. गावोगावच्या स्त्रियांनी सुया हाती घेतल्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले आणि मराठी घरांत त्या लढ्याविषयी विशेष आत्मीयता उत्पन्न झाली. आमच्या आईच्या पिढीतल्या ज्यांनी कधी हातमोजाही विणला नव्हता, त्यांनीही त्या हिवाळ्यात बाह्या विणल्या. 21 नोव्हेंबरला युद्धविराम झाला, पण हिमालयातला हिवाळा तर तेव्हा सुरूच होत होता. सुयांवर अर्धे असलेले स्वेटर पूर्ण करण्याचे बंधन युद्धविरामाने संपले नाही, कारण थंडीत उभा असलेला माणूस तेथेच होता. त्या स्वेटरांना कोणी छंद म्हणणार नाही.

यावरून आमचा पहिला निष्कर्ष असा, की धाग्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे पाहावे. तेथे वचन दिलेले माणूस असेल, तर काम पूर्ण करावे, अथवा होणार नाही असे त्याला वेळेवर सांगावे. तेथे कोणी नसेल, तर आपण कोणाचेही देणे लागत नाही. ‘छंद’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थच इच्छा असा आहे. ‘स्वच्छंद’ त्यातूनच आला. सोडून देण्याचे स्वातंत्र्य ज्यात नाही ते काम उपयुक्त असेल, पवित्रही असेल, पण छंद नसेल.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि तो आपल्याच गल्लीतून येतो. दिवसाकाठी साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बाईला काम अर्धे टाकण्याचे स्वातंत्र्य आहे काय? एक साडी अपुरी राहिली तर तिचे पैसे जातात. मग सोडण्याचा अधिकार ही पेन्शन मिळणाऱ्यांची चैन ठरत नाही काय? आक्षेप खरा आहे, आणि तो बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हस्तकौशल्य आणि पोट यांचा झगडा जुना आहे. इंग्लंडात विल्यम ली या पाद्र्याने 1589 मध्ये मोजे विणण्याचे यंत्र केले, तेव्हा हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला सनद नाकारली असे सांगितले जाते. यंत्र थांबले नाही; आज हाताने विणलेल्या मोज्यावर कोणाची भाकरी अवलंबून नाही म्हणूनच तो आपल्याला हौसेने विणता येतो. हे मान्य करूनही आम्हांला असे वाटते, की ज्या बोटांना दिवसभर दुसऱ्याच्या मापाने आणि दुसऱ्याच्या घाईने चालावे लागते, त्या बोटांनाच स्वतःच्या कामाची गरज अधिक आहे. दुपारी साड्यांचा गठ्ठा परत गेल्यावर तासभर क्रोशाचे तोरण विणणाऱ्या स्त्रिया आम्ही आमच्याच वस्तीत पाहिल्या आहेत. ते तोरण कधी पुरे होईल हे त्यांना कोणी विचारू शकत नाही. त्या तासाचे मोल तोरणाच्या किमतीत मोजता येणार नाही. म्हणून चैन म्हणून हा अधिकार टाकून देण्यापेक्षा तो अधिक हातांपर्यंत कसा जाईल हे पाहणे श्रेयस्कर.

आता राहिला खरा अडचणीचा प्रकार. पूर्ण केलेले काम आहे, आणि विचारपूर्वक उसवलेले काम आहे. या दोहोंमध्ये तिसरे आहे : जे पूर्णही करायचे नाही आणि उसवायचेही नाही, ते कपाटातले गाठोडे. दोष असलाच तर तो येथे आहे. लोकरीचे विणकाम शिवणकामाहून एका बाबतीत वेगळे आहे. कापडावर कात्री चालली की मागे जाता येत नाही. विणलेली पाठ मात्र एकाच सलग धाग्याची असते, आणि टोक ओढले की ओळीमागून ओळ सुटून धागा जसाच्या तसा हाती येतो. किंबहुना अगदी जसाच्या तसा नाही. त्याला टाक्यांची नागमोडी वळणे राहतात. लडी करून ती कोमट पाण्यात बुडवावी, खाली थोडे वजन बांधून सावलीत टांगावी; वळणे पुष्कळशी निघतात. आपल्या आया थोरल्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा विणत, तेव्हा त्यात नाशाची भावना नसे. गाठोड्यातली लोकर मात्र कोणाच्याच कामी येत नाही. तिला शेवटी कसर लागते.

उसवण्यात कर्तेपण असते, याची साक्ष प्राचीन ग्रीक महाकाव्यही देते. ‘ओडिसी’तील पेनेलोपी सासऱ्यासाठी वस्त्र विणते, ते पुरे झाले की दुसरा विवाह करावा लागणार, म्हणून दिवसा विणलेले ती रात्री उसवते. तिची निष्ठा उसवण्यातच दिसते. आणि उसवले म्हणून सारे गेले असेही नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आरंभिलेला प्रयत्न वाया जात नसल्याचे जे आश्वासन आहे, ते निष्काम कर्माविषयी आहे, स्वेटराविषयी नाही, हे आम्ही जाणतो. तरी फळाची वस्तू हाती न राहिली तरी हाताला आलेले वळण राहते, एवढा त्याचा अंश येथेही लागू पडतो असे मानायला हरकत नसावी.

हा विचार लोकरीपुरता राहत नाही, म्हणून तो येथे मांडला. आपली जुनी कुटुंबे ताप्तीच्या काठाकाठाने सुरतेला आली, तेव्हा चार वर्षे काम करून परत जाऊ असे म्हणून पुष्कळजण आले. मुले येथे शिकली, नातवंडे गुजराती शाळांत गेली, पण खानदेशातल्या घराचे कुलूप तसेच राहिले. ते घर राहतेही नाही आणि विकलेही जात नाही. भिंत खचते, भाऊबंदांत कुरबुर होते, आणि दिवाळीला विषय निघाला की सारे गप्प होतात. परत जाणे हाही सन्मान्य निर्णय आहे, आणि आता आपण येथलेच असे म्हणून ते घर गावातल्या गरजू पुतण्याच्या हवाली करणे हाही सन्मान्य निर्णय आहे. दोन्हींत धागा मोकळा होतो. कुलूप तेवढे धागा अडवून ठेवते.

थंडी येथे फार दिवस टिकत नाही. दिवाळी ते संक्रांत एवढ्या अवधीत ज्यांना शक्य असेल त्यांनी खालचा खण एकदा उघडून पाहावा. जे कोणाला कबूल केले आहे ते सुयांवर घ्यावे, आणि जे कोणालाच कबूल केलेले नाही व ज्यात मनही राहिलेले नाही, ते निःसंकोचपणे उसवून त्याचे गुंडे करावेत. लोकर चांगली असेल तर शेजारच्या एखाद्या मुलीला द्यावी आणि पहिले वीस टाके आपण घालून द्यावेत. पुढचे ती विणेल किंवा उसवेल; तो अधिकार तिचा.