फूल, फळ आणि पाचवे कारण

जय आणि पराजय यांकडे समबुद्धीने पाहावे, ही भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील शिकवण रणांगणावर सांगितली गेली असली, तरी ती अधिक अवघड होते ती क्रीडांगणावर. योद्ध्याला राज्य, न्याय किंवा शरणागताचे रक्षण असे युद्धाबाहेरचे एखादे प्रयोजन दाखवता येते आणि त्याच्या आधाराने जयापजयाचा विचार बाजूला ठेवता येतो. खेळाडूपाशी असे बाहेरचे प्रयोजन नसते, कारण गुण मिळवणे हेच खेळाच्या नियमांनी त्याला नेमून दिलेले काम असते. जो खेळाडू गुणांविषयी खरोखरच उदासीन झाला, तो स्वतःचा खेळ बिघडवतोच, शिवाय समोरच्याचाही खेळ हिरावून घेतो. तेव्हा समत्वाचा उपदेश शब्दशः पाळला तर खेळ संपतो आणि न पाळला तर उपदेश व्यर्थ ठरतो, असा पेच उभा राहतो. या पेचाचा विचार बॅडमिंटनच्या आधारे करणे सयुक्तिक आहे, कारण या खेळाला स्पर्धेचे रूप देण्यात पुण्याचा मोठा वाटा मानला जातो आणि फलाशेच्या प्रश्नाची आधुनिक काळातील सर्वांत विस्तृत मराठी चर्चा, म्हणजे लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य', तीही १९१५ साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाली.

इंग्लंडमध्ये 'बॅटलडोर अँड शटलकॉक' या नावाने खेळला जाणारा जुना खेळ मुळात चुरशीचा नव्हता. दोघांनी हातातल्या लहान फळ्यांनी पिसांचे शटल, ज्याला मराठी बोलण्यात सरळ 'फूल' म्हणतात, एकमेकांकडे टोलवायचे आणि ते जमिनीवर पडू न देता जास्तीत जास्त वेळ हवेत ठेवायचे, एवढाच त्याचा उद्देश असे. फूल पडले तर ते दोघांचेही अपयश ठरे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये जाळे बांधले, आणि पुण्याच्या छावणीत हा प्रकार इतका रुळला की त्याला 'पूना' हेच नाव पडले. त्याचे पहिले नियम १८७३ च्या सुमारास येथेच तयार झाल्याचे या खेळाच्या इतिहासात सांगितले जाते. 'बॅडमिंटन' हे नाव इंग्लंडमधील ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या निवासस्थानावरून रूढ झाले. जाळे आले तसा खेळाचा हेतू उलटला. आधी जे फूल दोघांनी मिळून राखायचे होते, ते आता प्रत्येकाने दुसऱ्याच्या बाजूला पाडायचे ठरले, आणि एका पडण्याचे दोन अर्थ झाले: जाळ्याच्या एका बाजूला जय, दुसऱ्या बाजूला पराजय. फलाचा प्रश्न या खेळात शिरला तो याच जाळ्यातून.

त्यानंतर सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी, २००८ च्या ऑक्टोबर अखेरीस, जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धा पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात भरली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात त्याच महिन्यात राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धाही होऊन गेल्या होत्या. एकोणीस वर्षांखालील खेळाडूंच्या या जागतिक स्पर्धेत मुलींच्या एकेरीचे विजेतेपद सायना नेहवाल हिने जपानच्या सायाका सातो हिला २१-९, २१-१८ असे हरवून मिळवले आणि ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. इतिहासाच्या दृष्टीने एवढी नोंद पुरते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मात्र या नोंदीतील एक क्रियापद तपासण्यासारखे आहे, ते म्हणजे 'मिळवले'. एखादे फल 'मिळवले' असे म्हणताना त्याचा मिळवणारा एकच आहे असे गृहीत धरले जाते, आणि गीतेच्या अठराव्या अध्यायाचा आक्षेप नेमका या गृहीतावर आहे.

त्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात असे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली, आणि पाचवे दैव. शंकराचार्यांच्या परंपरेत, आणि तिला अनुसरून ज्ञानेश्वरीतही, अधिष्ठान म्हणजे देह आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अधिष्ठित असलेल्या देवता, असा अंतर्मुख अर्थ घेतला जातो. टिळकांचा कल याहून बहिर्मुख आहे; मनुष्याच्या यत्नाला सृष्टीच्या ज्या स्वतंत्र व्यापारांची जोड लागते आणि जे त्याच्या ताब्यात नसतात, त्यांच्याकडे ते दैव या पदाच्या निमित्ताने लक्ष वेधतात. हा दुसरा अर्थ घेतला तर पाच कारणांची ही यादी बॅडमिंटनच्या एका गुणाला विलक्षण नेमकेपणाने लागू पडते. १३.४० मीटर लांब आणि एकेरीसाठी ५.१८ मीटर रुंद असे कोर्ट हे अधिष्ठान, खेळाडू हा कर्ता, रॅकेट आणि फूल ही करणे, पावलांची व मनगटाची हालचाल ही चेष्टा. आणि या चारींच्या पलीकडे जे उरते, हवेची झुळूक, जाळ्याची वरची पट्टी, एखादे मोडलेले पीस, ते दैव.

या खेळात पाचव्या कारणाला वाव किती, हे फुलाच्या घडणीवरूनच कळते. बुचाच्या टोपीत गोलाकार खोवलेली सोळा पिसे, आणि सर्व मिळून वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, इतकी हलकी वस्तू हवेचा प्रत्येक फरक नोंदवते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात हवा मुंबईहून थोडी विरळ, म्हणून तोच फटका येथे फूल थोडे पुढे नेतो आणि त्यामुळे येथे मंद गतीचे फूल निवडावे लागते. त्याची कसोटीही ठरलेली आहे: मागच्या सीमारेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीने मारलेले फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरांच्या पट्ट्यात पडले तर ते योग्य. जुन्या काळी उघड्यावर खेळताना वारा असला की फुलाऐवजी लोकरीचा चेंडू घेतला जाई. पुढे खेळ बंदिस्त सभागृहात गेला, तरी हवा पूर्ण थांबली नाही आणि मोठ्या सभागृहात वातानुकूलनाचा प्रवाह एका बाजूने फूल ढकलतच राहिला.

यावर नियमकर्त्यांनी काढलेला तोडगा तत्त्वदृष्ट्या लक्षणीय आहे. हवेचा कल नाहीसा करता येत नाही हे मान्य करून त्यांनी तो वाटून दिला: प्रत्येक गेमनंतर बाजू बदलायची, आणि तिसरा गेम झालाच तर अकराव्या गुणाला पुन्हा बदलायची, म्हणजे वाऱ्याची साथ आणि वाऱ्याचा विरोध हे दोन्ही उभयतांच्या वाट्याला येतात. न्यायाचे काम दैव नष्ट करणे हे नसून त्याचा भार एकाच्याच माथी पडू न देणे हे आहे, असा विचार या साध्या नियमात आहे. पण वाटून देता येईल एवढेच दैव वाटले जाते. जाळ्याच्या पट्टीला लागून पलीकडे घरंगळलेले फूल खेळातच धरले जाते, आणि ते कोणाच्या बाजूला पडेल याची वाटणी कोणताही नियम करू शकत नाही. २००६ मध्ये एकवीस गुणांची पद्धत आल्यापासून या अपघाताचे मोल वाढले आहे. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे, म्हणून सर्व्हिस नसलेल्याला असा अपघात फार तर सर्व्हिस मिळवून देई, आता प्रत्येक रॅलीचा शेवट कोणाच्या तरी गुणात होतो.

असे फूल जाळ्याला लागून पडले की त्या कोर्टवर एक लहानशी गोष्ट घडते, आणि या निबंधाच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी आहे. ज्याला गुण मिळाला तो खेळाडू हात किंवा रॅकेट किंचित वर करून प्रतिस्पर्ध्याची जणू क्षमा मागतो. नियमपुस्तक त्याला हे करायला लावत नाही. तो खेळाडूंमधला रिवाज आहे. रेषापंचाच्या बाबतीत मात्र अशीच एक खूण नियमांनीच ठरवली आहे: फूल आत पडले की बाहेर हे दिसले नाही, तर त्याने अंदाज न बांधता दोन्ही हातांनी आपले डोळे झाकायचे असतात. पंच आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगतो, खेळाडू आपल्या कर्तृत्वाची.

यावर असा आक्षेप घेता येईल की हात वर करणारा खेळाडू गुण परत देत नाही. ज्याची क्षमा मागितली तेच ठेवून घेणे हा दंभ नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच्या मुळाशी त्याग म्हणजे वस्तू टाकणे ही समजूत आहे. टिळकांच्या विवेचनाचा रोख असा की फलाशेचा त्याग म्हणजे फळाचा नकार नव्हे, आणि हेतूवाचून कर्म करणे तर नव्हेच. कर्म करताना हेतू धरावा, योजना आखावी, यश आले तर ते घ्यावे, फक्त 'हे फळ मलाच मिळाले पाहिजे आणि ते माझ्याच कर्तृत्वाचे आहे' ही आसक्ती सोडावी. खेळाडूने गुण नाकारला तर तो खेळाचा नियमच मोडेल. गुण घेऊन 'हा माझा नव्हे' असे खुणेने सांगितले तर फळ राहते आणि फळावरचा दावा तेवढा सुटतो. पाच कारणे सांगून झाल्यावर गीता जो निष्कर्ष काढते, की केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, त्याचे हे आचरणातले रूप आहे. पराभूताला दैवाची आठवण आपोआप होते, किंबहुना जरा जास्तच होते; समत्वाची खरी परीक्षा विजेत्याला ते आठवते की नाही यात असते.

ही परीक्षा किती कठोर होऊ शकते हे दोन प्रसंगांवरून दिसते. ४ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदकाच्या सामन्यात चीनच्या वांग शिन हिने सायनाविरुद्धचा पहिला गेम २१-१८ असा जिंकला होता आणि दुसऱ्यात ती १-० अशी पुढे होती. गुडघ्याच्या दुखापतीने तिला सामना सोडावा लागला आणि पदक सायनाला मिळाले. हे पदक 'खरे' की दैवाचे, असा प्रश्न विचारता येतो, पण पाच कारणांच्या दृष्टीने त्याची मांडणीच चुकीची आहे. उपांत्य फेरीपर्यंतच्या प्रत्येक विजयातही दैव होतेच, ते त्या दिवशी केवळ सर्वांना दिसले. दुसरा प्रसंग २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधला. स्पेनची कॅरोलिना मारिन उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना जायबंदी झाली आणि चीनची हे बिंगजियाओ अंतिम फेरीत गेली. तेथे हरल्यावर रौप्यपदक स्वीकारण्यासाठी ती व्यासपीठावर उभी राहिली तेव्हा तिच्या हातात स्पेनचा एक छोटा बिल्ला होता. जाळ्याला लागलेल्या एका फुलासाठी जो हात वर होतो, त्याच हाताचे हे मोठे रूप होय. पदक तिने नाकारले नाही, आणि ते एकटीचे आहे असेही भासवले नाही.

पराभवाच्या बाजूनेही या विचाराचा उपयोग आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत फलत्यागाचे एक व्यावहारिक समर्थन आहे: फळाच्या चिंतनात खर्च होणारी शक्ती वाचली की ती सगळी कर्माकडे वळते, म्हणून निष्काम मनुष्याचे काम सकाम मनुष्यापेक्षा सरस होण्याचा संभव असतो. ऑगस्ट २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उपउपांत्य सामन्यात सायना निर्णायक गेममध्ये ११-३ अशी पुढे असूनही इंडोनेशियाच्या मारिया क्रिस्टिन युलियांतीकडून हरली. बालेवाडीचा विजय त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आला. त्या हरण्यातूनच हे जिंकणे आले असे म्हणणे कार्यकारणभावाचा अतिरेक ठरेल. हरल्यानंतरही कर्म उरते, एवढे मात्र म्हणता येते. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर टेनिसच्या कुमार गटात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले, १९५६ साली क्वालालंपूर येथे सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले, आणि २०२१ मध्ये पुण्यात निवर्तले. टेनिसमधल्या त्या पराभवाचे फळ नेमके कोणते, हे तो पराभव झाला त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.

आरंभीचा पेच यावरून सुटत नसला तरी सैल होतो. समत्व म्हणजे जयाविषयी उदासीनता असे मानले तर खेळ आणि उपदेश यांचे जमणार नाही. समत्व म्हणजे जयाच्या कारणांची पूर्ण मोजदाद असे मानले तर खेळाडूला शेवटच्या गुणापर्यंत जिवाच्या आकांताने खेळता येते आणि तरीही ते समत्व ढळत नाही. अशा मोजदादीत प्रतिस्पर्ध्याचीही गणना करावी लागते, कारण फूल परत पाठवणारा कोणी नसेल तर कर्म सुरूच होत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही गुणफलकावर दोन्हीकडे शून्य असताना दोन्ही खेळाडू सरावासाठी थोडा वेळ एकमेकांना फूल टोलवून देतात, उंच, सोपे, समोरच्याच्या रॅकेटवर नेमके येईल असे. त्या एकदोन मिनिटांत जाळे जागेवर असूनही फूल खाली पाडण्याचा प्रयत्न कोणी करत नाही, पुण्याच्या छावणीत जाळे बांधले जाण्यापूर्वी जसे कोणी करत नसे. मग पंच खेळ सुरू करण्यास सांगतात, आणि मोजणी सुरू होते.