सूचितार्थाचे उत्तरदायित्व

सासू मुलीला म्हणते, "दिवस वर आला तरी काहींना जाग येत नाही." मुलगी केव्हाच कामाला लागलेली असते. मग हे तिला सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न सुनेपुढे उभा राहतो आणि अर्थ लागतो. 'लेकी बोले सुने लागे' या म्हणीतील क्रियापद नेमके आहे.

एच. पी. ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथील व्याख्यानांत या प्रक्रियेचे तत्त्व मांडले. बोलणारा पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि सुस्पष्ट बोलत आहे असे ऐकणारा गृहीत धरतो. या अपेक्षेचा वरवर भंग झाला, की तो भंग सार्थ ठरविणारा अर्थ शोधतो. असा अर्थ विसंगतीविना रद्द करता येतो, हे त्याचे एक लक्षण. त्यामुळे "मी तुला कुठे म्हटलं?" हे सासूचे उत्तर तर्कदृष्ट्या निर्दोष ठरते.

नीतीची अडचण इथेच सुरू होते. रद्द करता येणे वेगळे आणि अभिप्रेतच नव्हते असे भासविणे वेगळे. ग्राइस यांच्याच अर्थविचारात वक्त्याचा हेतू केंद्रस्थानी आहे. सासूचे पहिले वाक्य असत्य नव्हते. दुसरेही शब्दशः खरेच आहे, पण त्यातून जे सुचविले जाते ते खोटे आहे.

महिमभट्टाने 'व्यक्तिविवेका'त व्यंजनेचे कार्य अनुमानाकडे सोपविले. अनुमान करणारा श्रोता, म्हणून अर्थही त्याचाच, असे मात्र त्यातून निघत नाही. धूर दाखविणारा वक्ताच असतो.

तथापि नाकारण्याची ही सोय सर्वत्र सारखी निंद्य नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त घेतलेल्या प्राकृत गाथेतील स्त्री गोदाकाठी येणाऱ्या धार्मिकाला निर्धास्त फिरायला सांगते आणि त्याला भिववणाऱ्या कुत्र्याला तिथल्या सिंहाने मारल्याचे जोडते. परवानगीच्या शब्दांत ही मनाई आहे. संकेतस्थळ राखायचे, पण ते उघड बोलण्याची मुभा तिला नाही. सासूला ती आहे. तरीही ती आडून बोलते, कारण उघड बोलण्याला उत्तर देता येते.

ग्राइस यांचे सहकार्यतत्त्व संवादातील दोघांना समान धरून चालते. सुनेचे सहकार्य मात्र नाइलाजाचे असते. काव्यशास्त्रातील सहृदयाइतकीच सूक्ष्म श्रवणशक्ती तिला कमवावी लागते, आणि तिने "मला म्हणता का?" असे विचारलेच, तर "तू कशाला अंगाला लावून घेतेस?" हे ऐकून घ्यावे लागते.