खून खाजगीच हवा का?

ग्रंथालयात माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी अगाथा ख्रिस्तीचं 'एन ऑर एम?' टेबलावर जवळजवळ आपटलंच. "दोनशे पानं वाचली, आणि शेवटी काय, तर हेर! मग खून पाडलाच कशाला?" ग्रंथपाल बाई हसल्या. माझ्या मात्र डोक्यात ते वाक्य बसलं, कारण मलाही तसंच वाटत आलं आहे.

ही तक्रार जुनी आहे. एस. एस. व्हॅन डाईन या अमेरिकन लेखकानं १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम काढले. त्यातला एकोणिसावा असा, की खुनाचा हेतू खाजगी असला पाहिजे. आंतरराष्ट्रीय कटकारस्थानं आणि युद्धाचं राजकारण हेरकथांनी सांभाळावं. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. मृत्युपत्र, मत्सर, जुना अपमान या गोष्टी घरातच वाढतात, वाचकाला त्या दिसतात, तोलता येतात. हेराला मात्र मारण्याचं कारण बाहेरून, बंद लिफाफ्यातून येतं. तो लिफाफा आपल्याला कोणी दाखवलेलाच नसतो, म्हणून फसवल्यासारखं वाटतं. खुनी स्वतःसाठी मारतो, हेर दुसऱ्याच्या हिशेबात मारतो, हा फरक मी वर्षानुवर्षं पाठ म्हटल्यासारखा सांगत आलो आहे.

नियमांवरून आठवलं. व्हॅन डाईनच्या पाठोपाठ, १९२९ मध्ये, रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. त्याचा सख्खा भाऊ डिली नॉक्स पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडत होता. एक भाऊ काल्पनिक गुप्ततेला शिस्त लावणारा, दुसरा खरी गुप्तता उसवणारा! १९४१ मध्ये 'एन ऑर एम?' आलं, त्यात मेजर ब्लेचली नावाचं पात्र. गुप्तहेर खात्याचे कान टवकारले. डिली ख्रिस्तीबाईंच्या ओळखीचा, तेव्हा त्यानंच हळूच विचारलं. उत्तर असं सांगतात, की त्यांची गाडी ब्लेचली स्टेशनात रखडली होती, म्हणून एका नावडत्या पात्राला ते नाव देऊन त्यांनी सूड उगवला.

तर कादंबरी. समुद्रकाठचं एक बोर्डिंग हाऊस, मोठमोठ्यानं बोलणारे निवृत्त मेजर, जवळच राहणारे नौदलाचे कमांडर हेडॉक. आपल्या बंगल्याच्या आधीच्या जर्मन मालकाची हेरगिरी आपण कशी उघडकीला आणली, ही हकिकत ते येईल त्याला रंगवून ऐकवतात. लष्करी हुद्दा म्हणजे चारित्र्याचा दाखलाच. तो पाहिल्यावर कागद उलटून कोण बघतं? पुस्तक ऐंशी वर्षांहून जुनं आहे, म्हणून सांगून टाकतो: एक हेर हेडॉकच. पण खरी गंमत दुसरीकडे आहे. एक पोलिश निर्वासित बाई मिसेस स्प्रॉटची चिमुरडी पळवते, कड्याच्या टोकावर मुलीला छातीशी धरून उभी राहते. बाकीचे गोळी झाडायला कचरतात. मिसेस स्प्रॉट झाडते, नेम अचूक लागतो, मूल वाचतं. सगळे आईच्या धाडसाचं कौतुक करतात.

पुढे हेरांचा माग काढणाऱ्या टपेन्सला बायबलमधला सॉलोमनचा न्याय आठवतो. ज्या बाईनं आपल्या मुलाच्या इतक्या जवळ गोळी झाडली, ती त्याची आई असणार नाही.

इथे माझं पाठांतर अडखळतं. खुनाचं कारण बर्लिनचं असेलही. पण मिसेस स्प्रॉटला पकडून दिलं ते मायेच्या अभावानं, आणि ती गोष्ट कड्यावर सगळ्यांच्या, आपल्याही डोळ्यांदेखत घडली होती. व्हॅन डाईन हेतूपाशी पहारा देत बसला. वाचकाची फसवणूक व्हायची असेल तर ती पुराव्यात होते, हेतूत नाही. नियम पुन्हा तपासायची संधी त्याला मिळाली नाही म्हणा; महायुद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, एप्रिल १९३९ मध्ये तो वारला.

बरं, हेतू अगदी त्याच्या मनासारखा खाजगी ठेवून पाहू. हान्स हेल्मुट किर्स्टच्या कादंबरीवरचा १९६७ चा 'द नाइट ऑफ द जनरल्स' हा चित्रपट घ्या. १९४२, जर्मनांच्या ताब्यातलं वॉर्सा. एका वेश्येचा खून होतो. लपलेल्या साक्षीदाराला फटीतून दिसते ती फक्त पँटवरची लाल पट्टी, म्हणजे जनरलची. मेजर ग्राऊ तीन जनरलांच्या मागे लागतो. तिकडे त्यांतला एक, टान्झ, रणगाडे आणि आगीचे लोळ घेऊन वस्त्याच्या वस्त्या जाळतोय, आणि हा एका बाईचा खुनी शोधतोय. प्रेक्षक विचारतात, एवढ्या मरणात या एकीचं काय घेऊन बसलात? मला तर तोच चित्रपटाचा कणा वाटतो. तपास थांबला, तर तिचं मरण युद्धाच्या ढिगात कुठे गेलं हेही कळणार नाही.

दोन वर्षांनी पॅरिसमध्ये, वीस जुलैच्या गोंधळात, हिटलरविरुद्धचा कट फसत असताना, आपण केलेला खून उघडकीला येऊ नये म्हणून टान्झ ग्राऊला गोळी घालतो आणि तोही कटवाल्यांपैकी होता असं जाहीर करतो. हेतू शंभर टक्के खाजगी, आणि नोंद मात्र राजकारणाच्या खात्यावर. व्हॅन डाईनच्या कुठल्या कप्प्यात हा खून ठेवायचा? त्या गृहस्थांच्या प्रश्नावर एवढंच म्हणेन, की युद्धात खून पाडायला जागा शोधावी लागत नाही. तो खून होता हे सिद्ध करायलाच कोणीतरी लागतं.