निरागसता कोणाची?

मराठींत रोगांचीं नांवें बहुधा लक्षणांवरून पडलेलीं आहेत. काविळींत डोळे पिवळे होतात, अर्धशिशींत अर्धें डोकें दुखतें. परंतु स्त्रीपुरुषसंबंधांतून पसरणाऱ्या रोगांची पाळी आली कीं, भाषा रोगाकडे पाहण्याचें सोडते आणि रोग्याकडे पाहूं लागते. त्यांना आपण 'गुप्तरोग' म्हणतों. गरमी, परमा हे जुने शब्द चारचौघांत उच्चारणें कठीण, म्हणून हें सभ्य नांव रूढ झालें. पण त्या सभ्यतेनें आपल्याबरोबर एक आज्ञाहि आणली. ज्याला हा रोग होईल त्यानें तो लपवावा, ही ती आज्ञा. प्रौढ माणसें ती पाळतात आणि तिचें फळ भोगतात. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनींहि ती न सांगतां पाळावी अशी आपली अपेक्षा असते, आणि त्या अपेक्षेला आपण त्यांच्या निरागसतेचें रक्षण म्हणतों.

या रक्षणाचा युक्तिवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. जें मुलाच्या मनांत नाहीं तें त्याला कशाला सांगावें? सांगितलें तर कुतूहल जागें होईल, आणि कुतूहलापाठोपाठ आचरण येईल. 2007 सालीं शाळांतील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रांत बंद पडला तो याच विचारानें. हा विचार मांडणारे सगळे दांभिक होते असें मी म्हणणार नाहीं. लाजेनें लाल झालेला मास्तर पुस्तकांतील एक पान घाईनें वाचून दाखवितो आहे आणि मागच्या बांकावर मुलें खुसखुसत आहेत, हें चित्र कोणासहि सुखावह वाटणार नाहीं. शरीराची माहिती दिली, पण दुसऱ्या माणसाविषयींचा आदर शिकविला नाहीं, तर तें शिक्षण अपुरेंच. मात्र यावरून निष्पन्न होतें तें एवढेंच कीं, सांगणें चांगल्या रीतीनें झालें पाहिजे. सांगूंच नये असें त्यावरून ठरत नाहीं.

मला खरी अडचण दिसते ती दुसरीकडे आहे. नीतिशास्त्रांत दोष नेहमीं ज्ञानाशीं बांधलेला असतो. काय होईल हें ज्याला ठाऊक नव्हतें त्याला आपण चुकला म्हणतों, पापी म्हणत नाहीं. आतां आपलें वर्तन पाहावें. मुलाला आपण ज्ञान देत नाहीं. त्या अज्ञानाला निरागसता म्हणून त्याचें कौतुक करतों. आणि त्याच अज्ञानामुळें त्याला रोग जडला तर जाणत्या माणसाइतका दोष त्याच्या माथीं मारतों. दोन्ही गोष्टी एका वेळीं खऱ्या असूं शकत नाहींत. मूल निरागस असेल तर दोष त्याचा नव्हे, ज्यानें सांगावयाचें टाळलें त्याचा आहे. आणि दोष मुलाचाच असेल, तर तें निरागस आहे म्हणून आपण गप्प बसलों या म्हणण्यांत अर्थ उरत नाहीं.

या प्रश्नावर महाराष्ट्रांत एका माणसानें आपलें आयुष्य खर्चीं घातलें. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणित शिकवीत. संततिनियमनाच्या प्रचारापायीं 1925 सालीं त्यांना ती नोकरी सोडावी लागली. 1927 च्या जुलैंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि 1953 सालीं मृत्यूपर्यंत तें चालविलें. त्यांत वाचक जे प्रश्न विचारीत त्यांना ते सरळ, कोरड्या, जवळजवळ गणिताच्या भाषेंत उत्तरें देत. 1934 सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांसाठीं. त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनीं मांडली; तरीहि शिक्षा झालीच. या प्रकरणांत मला नेहमीं एक गोष्ट खटकते. प्रश्न विचारणारे लोक समाजांत होतेच. ते प्रश्न कर्व्यांनीं निर्माण केले नव्हते. गुन्हा ठरला तो उत्तराचा.

कर्व्यांनीं मासिक काढलें तेव्हां पेनिसिलिन बाजारांत नव्हतें. गरमीवरचा उपाय लांबलचक आणि विषारी होता. आज तीच गरमी वेळीं ओळखली तर पेनिसिलिनच्या सुईनें बरी होते. रोगांत एवढा पालट झाला. आपल्या मौनांत झाला नाहीं.

आमच्या नगर जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, या मौनाला एक निराळें रूप आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस कालव्याचें पाणी, ऊस आणि साखर कारखाने. पाथर्डी, शेवगांवकडे कोरडवाहू जमीन. तिकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतात ती जोडप्याच्या हिशेबानें. नवराबायको मिळून एक 'कोयता'. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली म्हणजे तिला गांवीं एकटी ठेवण्याचें भय वाटतें, आणि लग्न केलें तर कोयता तयार होतो. दोन्ही गोष्टी जुळून येतात आणि कायद्याला न जुमानतां लग्न लागतें. बापाला वाटतें, पोर मार्गीं लागली. सुशिक्षित घरांतहि याच जातीची एक समजूत असते, फक्त वय थोडें अधिक असतें: लग्न हेंच संरक्षण. परंतु रोगजंतूला मंगळसूत्र दिसत नाहीं. ज्या मुलीनें आयुष्यांत एकाच पुरुषाचा सहवास केला तिलाहि त्या पुरुषाकडून रोग मिळतो, आणि तिला प्रश्न विचारण्याची भाषाच दिलेली नसल्यामुळें तो अंगांत मुरतो. 1989 सालीं नगरला 'स्नेहालय' ही संस्था सुरू झाली ती वेश्यावस्तींतील स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांच्यासाठीं, पुढें एच. आय. व्ही. ची बाधा झालेलीं माणसेंहि तिच्या आश्रयास आलीं. अशा संस्थेला आपण देणगी देतों, आणि तिच्या कामाचा आपल्या घराशीं संबंध नाहीं अशी मनाची समजूत घालतों.

ही समजूत जुनी आहे. इंग्रजी अमदानींत 1864 च्या छावणी कायद्यानें लष्करी छावण्यांत वेश्यांची सक्तीनें तपासणी होई आणि रोग आढळल्यास त्यांना 'लॉक हॉस्पिटलांत' अडकवून ठेवीत. 1868 च्या कायद्यानें तोच प्रकार शहरांत आणला. ओरड होऊन 1888 सालीं तो कायदा रद्द झाला. सोल्जर मात्र मोकळा होता. रोग म्हणजे पापाची शिक्षा असें एकदां धरलें कीं, शिक्षेस पात्र माणूस शोधावा लागतो, आणि तो बहुधा दुबळाच सांपडतो. शिवाय शिक्षा कोणी आपण होऊन मागावयास जात नाहीं. म्हणजे रोगी वैद्याकडे जात नाहीं, आणि रोग पसरतो.

मग सांगावयाचें तें काय? तें फारसें अवघड नाहीं. पुष्कळदां या रोगांना लक्षणच नसतें. गरमीची पहिली जखम दुखत नाहीं आणि कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येते, पण रोग आंत राहतो. क्लॅमिडिया मुलीला कळतहि नाहीं, आणि पुढें गर्भनलिका खराब होऊन मूल होण्यास अडथळा येऊं शकतो. निरोध दर वेळीं आणि नीट वापरल्यास धोका पुष्कळच कमी होतो. एच. आय. व्ही. समूळ बरा होत नाहीं. परंतु 2004 पासून त्याचीं औषधें सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, तीं नियमित घेणारा दीर्घ काळ जगतो, आणि रक्तांतील विषाणु मोजण्यापलीकडे कमी झाले तर संबंधांतून तो दुसऱ्यास रोग देत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें, हात धरल्यानें तो कधींच लागत नव्हता. एवढ्या साध्या गोष्टी. आणि तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत एच. आय. व्ही. चें पुरेसें ज्ञान असलेल्या स्त्रिया शेकडा 22 आणि पुरुष शेकडा 31 एवढेच आढळले. याखेरीज आणखी एक गोष्ट सांगावी, आणि ती आधीं सांगावी: 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि कोणीं बळजबरी केली तर त्यांत सोसणाऱ्याचा कांहींएक दोष नाहीं.

लशीचा प्रश्न तर आणखी बोलका आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूनें होतो त्यावरची लस नऊ ते चौदा वर्षांच्या वयांत देणें उत्तम; आपल्या पुण्यांत तयार झालेली लस 2023 पासून मिळूं लागली आहे. 'आमच्या मुलीला याची काय गरज?' असें म्हणणाऱ्या आया मीं पाहिल्या आहेत. लस म्हणजे मुलीच्या चालीवरचा संशय असें त्यांना वाटतें. धनुर्वाताची सुई घेतांना आपण मुलगा खिळ्यावर पाय देणारच असा संशय घेत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र मजजवळ तयार उत्तर नाहीं. 2012 च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानें अठरा वर्षांखालील कोणाशींहि संबंध हा गुन्हा आहे, आणि ज्याला तो कळेल त्यानें, डॉक्टरनेंहि, पोलिसांस कळविणें बंधनकारक आहे. अत्याचार करणारा नातेवाईक या कलमामुळें उजेडांत येतो, म्हणून तें काढावें असें मला म्हणवत नाहीं. परंतु सतरा वर्षांचीं दोन मुलें चुकलीं आणि एकाला रोगाची शंका आली, तर डॉक्टरच्या दारांतूनच त्यांचे पाय मागें फिरतात, हेंहि खरें. मुलांचें रक्षण आणि मुलांचा विश्वास यांत कायद्यानें पहिल्याची निवड केली आहे. दुसऱ्याची भरपाई घरानेंच करावयाची. आणि घरांत तर त्या विषयावर शब्द नाहीं.

सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठीं 'मैत्री' नांवाचीं केंद्रें आहेत. 1097 या दूरध्वनीवर एच. आय. व्ही. आणि तत्सम रोगांविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक मीं आमच्या स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यावर लिहून ठेवला आहे. मुलांनीं तो पाहिला आहे, कांहीं विचारलें नाहीं. पाहुणे येणार म्हटलें म्हणजे दिनदर्शिका उलटी करावी असें मला दोनदां वाटलें. एकदां मीं ती केलीहि.