आठवी चकती

डोणगावच्या शिवारात एका पोरानं गव्हाच्या काडाची खोली बांधली. पोरगा पुण्याला शिकून आलेला. हार्वेस्टर फिरून गेल्यावर रानात उरलेलं काड बरेच जण पेटवून देतात. यानं बेलर बोलावून त्याचे गठ्ठे बांधून घेतले, दगडी जोत्यावर विटांसारखे रचले आणि वर पत्रे टाकले. सोयाबीनचं घरचं बियाणं ठेवायला थंड जागा हवी होती. गाव हसलं, तेव्हा त्यानं अमेरिकेतल्या नेब्रास्काचा दाखला दिला. तिथल्या आर्थर गावात १९२८ साली काडाच्या गठ्ठ्यांचं चर्च बांधलं, ते अजून उभं आहे.

"असंल बाप्पा," आजी म्हणाली. "पण तिथं आपल्यासारखा झोडपणारा पाऊस पडते का?"

प्रश्न बिनतोड होता. काडाची खरी वैरीण ओल. ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर काड भिंतीत पिढ्या काढतं. बरेच दिवस त्याच्या वर राहिला तर आतून बुरशी धरते. वरचा गिलावा मात्र शेवटपर्यंत साळसूद दिसतो.

म्हणून पोरानं भिंतीची नाडी बघायचं यंत्र घरीच केलं. लाकडाची रुपयाएवढी चकती, तिच्यात स्टेनलेस स्टीलचे दोन स्क्रू, स्क्रूंना वायरी, आणि चकती नळीच्या टोकाशी बसवून काडात खुपसलेली. आसपासच्या हवेत दमटपणा असेल तसं लाकूड ओल धरतं, आणि ओलं लाकूड वीज सहज वाहू देतं. कोरडं लाकूड साध्या मल्टिमीटरला दाद देत नाही, त्यामुळे सर्किटही त्यानंच जुळवलं. आकडे खरे की खोटे हे ताडायला त्यानं नमुन्याच्या चकत्या सोनाराच्या काट्यावर तोलल्या, भट्टीत वाळवल्या, परत तोलल्या. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन. मेहनतीत कसर नव्हती.

आठ ठिकाणी आठ चकत्या बसल्या. मृग बरसला. सात चकत्या १४ दाखवू लागल्या. आठवी, पश्चिमेच्या खिडकीखालची, २६.

पोरानं ती बदलली. नवीही २६. मग त्यानं वहीत सरासरी काढली: साडेपंधरा. वीसच्या आत. भिंत पास.

पोळ्याच्या सुमारास आजीनं खिडकीखालच्या त्या कोपऱ्याला तळहात लावला. "इथं गार लागते रे."

"गिलाव्याची भिंत गारच असते, आजी. सरासरी साडेपंधरा आहे."

आजीला सरासरी शब्द चांगला ठाऊक होता. "मागच्या साली आपलं रान खरडून गेलं, तवा काय म्हणे तू? मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिलिमीटर भरला नाही, म्हणून अतिवृष्टी धरली नाही. तवा तर लय ओरडला. पाऊस माह्या वावरात पडला, मोजला भलतीकडं, म्हणे. मग आता ह्या कोपऱ्यानं कोणाकडं ओरडावं?"

पोरगा गप्प झाला. पण गप्प होणं वेगळं आणि भिंत उकरणं वेगळं. त्यानं दुसऱ्या दिवशी आठवी चकती फूटभर वर सरकवली. तिथं १७ आले. वहीचं पान देखणं झालं.

(शिकलेल्या माणसाला खोटा आकडा लिहायची लाज वाटते, पण खरा आकडा सोयीच्या जागी नेऊन मोजायला त्याचा हात कचरत नाही. मीही हे केलेलं आहे, म्हणून सांगतो.)

दिवाळीआधी परतीच्या पावसानं दोन दिवस पश्चिमेकडून मारा केला. मग सोयाबीन वाळलं, बियाण्याची पोती खोलीत लागली. संक्रांतीनंतर खोलीतून कुबट वास येऊ लागला.

खिडकीखालचा गिलावा फोडला, तर हाताला काड लागलंच नाही. काळा, ओला, शेणखतासारखा लगदा लागला. खिडकीच्या पाटाखाली केसाएवढी भेग होती. तिथून पाणी आत उतरलं होतं. ते बाहेर पडावं तर खालच्या दोन फुटांना पोरानं, उडणाऱ्या शिंतोड्यांपासून राखण म्हणून, सिमेंट फासलेलं. आजीनं बांधतानाच चुन्याचा, नाहीतर पांढऱ्या मातीचा गिलावा सुचवला होता. तो ओल घेतो तशी सोडतोही. तेव्हा तिला जुन्या वळणाची म्हणून हसण्यावारी नेलं होतं.

कुजके गठ्ठे काढून तिथं नवे भरले. सिमेंट खरवडलं, चुना लावला, पाटाला बाहेर उतार दिला, पत्र्याची वळचण दीड हात पुढं काढली. आठवी चकती जुन्या जागी परत गेली, आणि तिच्या जोडीला आणखी दोन.

मे महिन्यात आजी-नातवानं बियाण्याची उगवण तपासली. ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून ठेवले. पेरण्याजोगं बियाणं म्हणजे शंभरात किमान ७० उगवायला हवेत. लांबच्या पोत्यांतले ८१ उगवले, कोपऱ्यालगतच्या पोत्यांतले ३८.

पोरानं खडू घेतला आणि ज्या त्या पोत्यावर ज्याचा त्याचा आकडा लिहिला.