माघातली तुळस

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा अंगणात केवढी धामधूम असते! द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत घरोघरी वृंदावन रंगते, ऊस उभा राहतो, चिंचा-आवळे येतात, मंगलाष्टके होतात. पुढे मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडते. पाने पिवळी होऊन गळतात, काड्या तेवढ्या उरतात. मग त्याच नवरीकडे पाहून आपण म्हणतो, “गेली ही. उपटा, दुसरी लावा.”

वारकरी बंधुभगिनींनो, जरा थांबावे. तुळस काही वडपिंपळासारखी पिढ्यान्‌पिढ्या जगणारी नव्हे. वृंदावनात ती बहुधा २-३ वर्षे राहते. परंतु पहिल्या हिवाळ्यात पाने गळाली म्हणजे ती मेली, असे नाही. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले की जीव आहे. वरचे रूप पाहून निवाडा करू नये, हे संतांनी आपल्याला शिकविलेच आहे ना?

मग करावे काय? थंडी ओसरली की, माघ-फाल्गुनात, वाळलेली टोके छाटावीत. हिरव्या फांद्यांचा वरचा तिसरा हिस्सा काढला तरी चालतो. खालचे डोळे फुटतात. बुडाशी मात्र कापू नये, जून लाकडाला फूट येईलच असा भरवसा नसतो. द्वादशीला तुळस तोडीत नाहीत, तो दिवस टाळावा. माती वरवर हलकी करून मूठभर कुजलेले शेणखत घालावे.

आता पाण्याचे. घरातले प्रत्येक माणूस रोज तांब्याभर पाणी ओतते. भाव चांगला, पण मुळे कुजतात हो! वरची माती बोटाच्या पेराएवढी सुकली तरच पाणी द्यावे. एरवी पळीभर घालून नमस्कार करावा. वृंदावनाचे खालचे भोक बुजले नाही ना, तेही पाहावे. दिवा खोडाला चिकटून ठेवू नये, साल भाजते. जिची सेवा करावयाची तिलाच जाच झाला, तर ती सेवा केवळ आपल्या समाधानाची.

नवी फूट आली की मंजिरीही येते. ती वेळीच खुडावी. बी धरू लागले की झाडाची शक्ती तिकडे जाते, पाला कमी होतो, झाड लवकर थकते. खुडलेली मंजिरी पांडुरंगाच्या चरणी वाहावी. आपल्या कर्माच्या फळाचेही असेच आहे. ते आपल्यापाशी साठवू गेले की साधन सुकते. देवाला वाहिले की साधन हिरवे राहते. एखादी मंजिरी तेवढी पिकू द्यावी आणि तिचे बी ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, पेरावे.

इतके करूनही एक दिवस झाड जायचेच. तेव्हा हळहळू नये. त्याच काष्ठाचे मणी होऊन आपल्या गळ्यात माळ येते. ती माळ मिरवणाऱ्याने पौषातल्या तुळशीकडे पाठ फिरवावी, हे शोभते का?

सणाची भक्ती सोपी आहे, तिला वाजंत्री असते. निगेची भक्ती एकटीने, कोणी पाहत नसताना करावी लागते. आणि घरात वाऱ्या करकरून थकलेले एखादे म्हातारे माणूस असेल, तर तीही माघातलीच तुळस समजावी. तिच्यापाशी आज घटकाभर बसावे.

रामकृष्णहरि!